धुतलेली लोकर

“लोकरीला विटाळ नसतो, हे मलाही ठाऊक आहे, कृष्णाजीराव,” रत्नाबाई म्हणाल्या. “पण त्याच पिशवीत बूट होते. चामड्याचे. त्याचं काय करायचं?”

मागच्या अंगणात, धुणं धुवायच्या दगडापाशी ती कॅनव्हासची पिशवी उघडी पडली होती. रत्नाबाई नाकाला पदर लावून चार पावलं लांब उभ्या होत्या. अनुसूयाक्का पिशवीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि एकेक वस्तू काढून फरशीवर ठेवत होत्या. बुटांचा जोड, फडक्यात गुंडाळलेले नट-बोल्टचे पाने, एक कंगवा, अर्धा साबण. अगदी तळाशी कागदात बांधलेलं लोकरीचं मोठं वस्त्र निघालं. मेंढीच्या अंगाच्याच रंगाचं, हाताने विणलेलं, इतकं जाड की घडी नीट बसत नव्हती. अक्कांनी ते उचलून गालाला लावलं आणि लगेच, रत्नाबाईंकडे बघत, खाली ठेवलं.

ही पिशवी अक्कांच्या मुलाची. हरी माझा विद्यार्थी. चामराजपेटेतल्या आमच्या शाळेत मी त्याला भूगोल शिकवला. पुढे तो डिझेल इंजिनाचं काम शिकला आणि एका ठेकेदाराबरोबर लडाखला गेला, तिथले जनरेटर सांभाळायला. चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात घाटात ट्रक बंद पडला. तो आणि ड्रायव्हर चालत निघाले. ठेकेदाराचं पत्र इंग्रजीत आलं, ते मीच अक्कांना वाचून दाखवलं. अतिथंडीत उघड्यावर राहिल्यामुळे मृत्यू, असं त्यात होतं. अक्कांनी दोन वेळा विचारलं, “घाव नाही? पडला नाही? नुसत्या थंडीनं?” मी दोन्ही वेळा हो म्हटलं. त्या वेळी त्यांना ते खरं वाटलं नाही. बंगळुरात जन्म गेलेल्या बाईला ते कसं खरं वाटावं?

त्याचं सामान ठेकेदाराच्या इथल्या कचेरीत कपाटावर तेरा महिने पडून होतं. मी तीन खेपा घातल्या तेव्हा तिथल्या कारकुनाने ते काठीने खाली ओढलं आणि धूळ माझ्या अंगावर झटकली.

लोकरीचं काय प्रकरण होतं ते मला माहीत होतं. मरायच्या आधी दोन महिने हरीने तिथून मला लिहिलं होतं: मेष्ट्रे, आईसाठी लोकरीचं मोठं वस्त्र घेतलंय. लोकर आहे, म्हणजे मडीत चालेल आणि भिजवावी लागणार नाही. तुम्ही रत्नाबाईंना विचारून ठेवा.

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. आणि सोवळ्याला आमच्या घरांतून मडी म्हणतात. आमची घरं तीनशे वर्षांपूर्वी या बाजूला आली, भाषेत कानडी मिसळली, नातीगोती इथलीच झाली. मडी मात्र कोणी सोडली नाही.

अनुसूयाक्का ही त्या मडीची ख्याती होती. तेविसाव्या वर्षी नवरा गेला आणि वर्षाच्या हरीला घेऊन त्या विश्वासराव आणि रत्नाबाईंच्या घरी स्वयंपाकाला आल्या. मागची खोली राहायला मिळाली. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्या घरचा नैवेद्य त्यांच्या हातचा. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, रोज उजाडायच्या आत देवाला हुग्गी दाखवायची असते. मूग आणि तांदळाची मिरी-खोबरं घातलेली ती गरम खिचडी. त्यासाठी अक्का पहाटे साडेतीनला उठायच्या, हौदाचं गार पाणी नेसत्या लुगड्यासकट डोक्यावर घ्यायच्या आणि त्याच ओल्या लुगड्याने चुलीपाशी उभ्या राहायच्या.

पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी घरात एक लहान खोली होती. तिथे उंच वेळूवर मडीची वस्त्रं वाळत, त्यांना कोणाचा हात लागत नसे, आणि अक्का सकाळी ती कोरडी वस्त्रं नेसत. तीन वर्षांपूर्वी विश्वासरावांच्या मुलाने, रणजीतने, घरी कॉम्प्युटर आणला. त्याला धूळ नसलेली खोली हवी होती. वेळू काढला गेला. पोरंसोरं, भाडेकरू, कावळे यांच्यामुळे अंगणात वाळलेलं वस्त्र मडीचं धरता येत नाही, असं रत्नाबाईंनी ठरवलं. मग उरलं ओलं. स्वतः रत्नाबाईंकडे पूजेची धाबळी होती, लोकरीची, कोरडी, उबदार. ती अक्कांना द्यावी असं त्यांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही. मी शेजारच्या घरात एकटा राहतो आणि महिनाभर रोज पहाटे ती हुग्गी खायला त्यांच्याकडे जात असे. दोन-दोनदा तूप वाढून घेत असे.

त्या वर्षी अक्कांना खोकला होता. हात गारठून निळे पडत. आठवड्यापूर्वी पातेलं त्यांच्या हातून निसटलं होतं, आणि रत्नाबाई माझ्याजवळ सहज बोलल्या होत्या की जमत नसेल तर गांधी बझारातली दुसरी एक बाई तयार आहे. मागची खोली स्वयंपाकाबरोबर जाईल, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. म्हणून ती लोकर मला महत्त्वाची वाटत होती. ती मडीत चालली तर अक्का महिना काढणार होत्या.

“बूट खाली होते, लोकर कागदात होती,” मी म्हणालो.

“कागद फाटलाय,” रत्नाबाई म्हणाल्या. “मी काय मुद्दाम बोलते? देवाचं आहे म्हणून बोलते.”

 अक्कांनी बूट उचलून दूर, तुळशीपासूनही लांब, भिंतीकडे नेऊन ठेवले आणि हात धुतले.

चाळीस वर्षं मी मुलांची भांडणं मिटवली. दोघांनाही थोडं थोडं मिळालं की भांडण मिटतं, हा माझा अनुभव. त्याचा मला अभिमान होता. मी म्हणालो, “मग असं करू. एकदा धुऊन घेऊ. धुतलं की चामड्याचा दोष गेला. पुढं लोकर ती लोकर.”

रत्नाबाईंनी विचार केला आणि मान हलवली. “सरी, चालेल. एकदा पाणी पडू दे. मग नेसू दे तिला महिनाभर.”

अक्कांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी पाहिला. “मेष्ट्रे,” त्या म्हणाल्या, “हरीनं तुम्हालाच का लिहिलं ते कळलं आता.”

मी घरी गेलो तो खुशीत.

तो दशमीचा दिवस होता. दुपारी त्यांनी लोकर धुवायला घेतली. मी खिडकीतून पाहत होतो. तीन बादल्या पाणी त्या वस्त्राने नुसतं पिऊन टाकलं. पिळायला गेल्या तर एकटीला उचलेना. तसंच निथळत ते त्यांनी मागच्या पडवीत आडव्या बांबूवर टाकलं, आणि चार वाजता आभाळ भरून आलं. समुद्रात कुठेतरी वादळ होतं. बंगळुरात अशा वेळी पाऊस पडत नाही, नुसती बारीक भुरभुर चालते, दोन दोन दिवस.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे गल्लीतली मुलं माझ्या ओट्यावर आली. पेपरात उत्तरेकडच्या थंडीच्या बातम्या रोज येत होत्या. बिहारात इतके गेले, पंजाबात इतके, दिल्लीच्या फुटपाथवर इतके. मी नकाशा काढून मुलांना ती ठिकाणं दाखवत होतो. एकीने विचारलं की बर्फ पडतो तिथेच माणसं मरतात का. मी म्हणालो, नाही, गयेला बर्फ कुठे पडतो? मग मी त्यांना ओला रुमाल हातावर ठेवून फुंकर घालायला लावली. पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं, हे मी सोपं करून सांगितलं. अंगावर ओलं असेल, वारा असेल आणि पोट रिकामं असेल तर कडाक्याच्या थंडीची गरजच नसते, माणूस आपल्यासारख्या गावातही गारठून मरू शकतो. धडा छान झाला.

विश्वासरावांची नात अक्षरा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, “मग अनुसूयाक्कांना रोज तसंच होत असणार.”

“म्हणून तर आपण त्यांना लोकर देतोय,” मी म्हणालो.

“ती तर ओली आहे.”

“वाळेल की,” मी म्हणालो आणि नकाशा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी एकादशी. त्या दिवशी चूल पेटत नाही. अक्का निर्जळी करायच्या, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी मी पडवीत डोकावलो. लोकर बांबूवर होती आणि खालच्या कडेने थेंब थेंब गळत होती. हात लावून पाहायची सोय नव्हती, माझा हात लागला तर पुन्हा धुवावी लागली असती. रत्नाबाईंना विचारलं, वाळली नाही तर? त्या म्हणाल्या, सकाळपर्यंत वाळेल, नाही वाळली तरी मडीला ओलं चालतंच. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी म्हणालो, “उद्या एक दिवस जुनंच नेसा, अक्का.” त्या हसल्या. जुनंही ओलंच असणार होतं.

द्वादशीचं पारणं सूर्य वर यायच्या आत सोडायचं असतं. त्या दिवशी पंधरा पानं होती, दोन पंगती. मी पहिल्या पंगतीत होतो, विश्वासरावांच्या शेजारी. विश्वासराव रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला रसाळ. पानावर बसल्या बसल्या ते उत्तरेतल्या बातम्यांबद्दल बोलू लागले. “काय देश आहे बघा. तिकडं लोक थंडीनं पटापट मरतात आणि आपण इथं नुसत्या धोतरावर बसलोय. देवानं बंगळूरला एअर कंडिशन फुकट लावून दिलंय, कृष्णाजीराव.” सगळे हसले. मीही हसलो.

हुग्गीत मीठ नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. सून संयोगिता वाढत होती, तिने हळूच मिठाचं भांडं फिरवलं. विश्वासराव म्हणाले, अनुसूयेचं लक्ष लडाखला गेलंय. पुन्हा हशा.

जेवून मी हात धुवायला मागे गेलो. मडीतली बाई सगळ्यांची पानं उठेपर्यंत जेवत नाही, आणि तोवर तिला कोणी शिवायचं नाही. म्हणून अक्का स्वयंपाक उरकून पडवीच्या टोकाला, धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. भुरभुर चालू होती, वारा सरळ तिथेच येत होता. ओल्या लुगड्यावर त्यांनी ती लोकर डोक्यावरून घेतली होती. तिच्यातून पाणी निथळून दगडावर ओघळत होतं. ओल्या मेंढीचा वास येत होता.

“थंडी वाजते का, अक्का?” मी विचारलं.

त्यांनी वर पाहायला वेळ लावला. शब्द जड झाल्यासारखे, एकेक करून आले. “मघाशी वाजत होती. आता नाही, मेष्ट्रे. आता ऊब आलीय. हरीची लोकर आहे.”

मला बरं वाटलं. मी भूगोलाचा मास्तर. कुडकुडणं थांबतं तेव्हा माणूस बरा झालेला नसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, हरी गेल्यावर मुद्दाम शोधून वाचलं होतं. समोर एक बाई कुडकुडायची थांबली होती, तिची जीभ अडखळत होती, ओठ शिशासारखे झाले होते, आणि मला बरं वाटलं. माझी तडजोड उपयोगी पडली असं मला वाटलं. मी ढेकर दिला, त्यांना म्हणालो, “दुसरी पंगत स्वल्प वेळात उठेल,” आणि घरी जाऊन पेपर उघडला.

तासाभराने अक्षरा धावत आली. “अनुसूयाक्का बोलत नाहीत.”

मी चपलाही न घालता गेलो. अक्का दगडावरून भिंतीकडे कलल्या होत्या. डोळे अर्धे उघडे. आजूबाजूला दुसऱ्या पंगतीतली चार-पाच माणसं हात धुऊन उभी होती, प्रत्येक जण अंतर राखून. मी अक्कांचा हात धरला आणि मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, अजून जेवल्या नाहीत त्या.” हात हौदाच्या पाण्याइतका गार होता. लोकर ओढून काढली, ती एखाद्या जनावरासारखी जड होती.

“मी केव्हाच सांगितलं आज्जीला,” अक्षरा रडत म्हणत होती. “आज्जी म्हणाली, शिवू नको, बसू दे, दमलीय ती.”

रत्नाबाई दारात होत्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. “पंगत चालू होती,” एवढंच म्हणाल्या.

कोपऱ्यावरचा डॉक्टर आला. तरुण होता. त्याने विचारलं, यांच्या अंगावर हे सगळं ओलं का?  मी सांगू लागलो तर विश्वासरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले की बाईचं वय झालं होतं, एकादशीचा निर्जळी उपास, हृदय थांबलं असणार. अक्कांचं वय एकोणपन्नास होतं. डॉक्टरने हृदय लिहिलं.

मग दुसरंच सुरू झालं. शेजारच्या बाया येऊ लागल्या. धनुर्मास, एकादशीचा उपास, द्वादशीची सकाळ, अंगावर मडी, हातून नैवेद्य झालेला. असं मरण कोणाला मिळतं, म्हणू लागल्या. एकीने अक्कांच्या पायांना हात लावून डोळ्यांना लावला. तासाभरापूर्वी तिनेच पंगतीत मीठ मागून घेतलं होतं. रत्नाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “पुण्यवान हो. आमच्या घरात देह ठेवला, आमचंही भाग्य.” आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. नाटक असतं तर मला कमी किळस आली असती. माझ्या स्वतःच्या हाताला अजून तुपाचा वास येत होता. मी तो दोनदा धुतला, गेला नाही.

“थंडीनं गेल्या त्या,” मी म्हणालो.

विश्वासरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, समजुतीने, आजारी माणसाकडे बघावं तसं. “बंगळुरात? कृष्णाजीराव, तुम्ही भूगोल शिकवलात ना? आज सकाळी तेरा-चौदा डिग्री असेल. तेवढ्यानं कोण मरतं?”

“ओलं घालून वाऱ्यात बसवलं तर मरतं. दीड दिवस उपाशी ठेवलं तर मरतं. हरी गेल्याचं पत्र मी वाचलं होतं, विश्वासराव. तिकडं ट्रक बंद पडला होता. इथं काय बंद पडलं होतं?”

“हळू बोला,” ते म्हणाले. “बायका आहेत. आणि धुवायची कल्पना तुमचीच होती.”

ते खरं होतं.  त्यांना वाटलं त्यांनी मला हरवलं, आणि हरवलंच होतं.

पुरोहित आले. अक्कांचं रक्ताचं माणूस कोणी उरलं नव्हतं, म्हणून अग्नी मी द्यावा असं ठरलं, त्यावर कोणाची हरकत नव्हती. न्यायच्या आधी शेवटची आंघोळ घालायची असते. दोन बायांनी पडवीत पाट मांडला, आडोसा धरला आणि हौदातून बादली भरून आणली. पाण्यावर भुरभुरीचे थेंब पडत होते. एकीने तांब्या बुडवला.

“थांबा,” मी म्हणालो. “हे पाणी नको.”

“का?”

“गार आहे.”

पुरोहितांनी घड्याळाकडे पाहिलं. रत्नाबाई म्हणाल्या, “आता काय, कृष्णाजीराव? आता तिला गार काय नि गरम काय? आणि असल्या वेळी तापवलेलं पाणी घेत नाहीत.”

मी वाद घातला नाही. बादली उचलली, पाणी मोरीत ओतलं आणि घरात शिरलो. विधवेच्या मयतातून उठून आलेला माणूस सरळ बैठकीतून आत गेला म्हणून कोणी तरी चुकचुकलं. आतल्या न्हाणीघरात रणजीतने बसवलेला गीझर होता. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला. बादली नळाखाली ठेवून मी वाट पाहत उभा राहिलो. बाहेर माणसं खोळंबली होती. ताटी बांधणारा विचारत होता की अजून किती वेळ. कोणी तरी म्हणालं, मेष्ट्रुंना धक्का बसलाय, राहू दे. दिवा विझायला वीस मिनिटं लागली. तेवढी वीस मिनिटं सगळे जण भुरभुरीत उभे राहिले.

बादली भरून मी उचलायला गेलो तर दारात संयोगिता होती. पहाटेपासून वाढून वाढून तिचा चेहरा उतरला होता. सासूबाईंचा आवाज मागून आला, तिने वळून पाहिलं नाही. तिने माझ्या हातातून बादलीची कडी घेतली, पदर खोचला आणि खाली बसून पाण्यात कोपर बुडवलं, तान्ह्या मुलाच्या आंघोळीच्या वेळी बघतात तसं.

“स्वल्प कडक आहे,” ती म्हणाली. आणि गार पाण्याचा एक तांब्या घेऊन हळूहळू आत ओतत, दुसऱ्या हाताने ढवळू लागली.